जहाज परत गेले नाही

माननीय विशाखा गणवीर मॅडम यांची आणि माझी पहिली भेट अड्याळला त्यांच्या घरामागच्या अंगणात चुलीपाशी झाली. त्यांच्या आईंच्या निधनाला वर्ष झाले होते आणि त्या निमित्ताने जेवण ठेवले होते. मी तेव्हा लाखनीच्या एका आचाऱ्यांकडे कामाला होतो. दहावीनंतर शाळा सुटली होती, पण शब्द नीट लिहिण्याची सवय सुटली नव्हती. त्यामुळे मसाल्याच्या प्रत्येक डब्यावर मी चिठ्ठी लावत असे. मीठ, हळद, धणेपूड, सोललेला लसूण. इतर पोरे मला हसत आणि म्हणत की लसूण काय चिठ्ठी वाचून ओळखायचा असतो का.

मॅडम हात मागे बांधून आल्या आणि एकेक चिठ्ठी वाचत गेल्या. हे कोणी लिहिले, असे त्यांनी विचारले. एखादा शब्द चुकला असणार असे वाटून मी पुढे झालो आणि आधीच माफी मागितली. त्या म्हणाल्या, "चूक नाही म्हणून तर विचारून राहिले." मग त्यांनी माझे नाव, गाव, शिक्षण विचारले आणि जेवणाऱ्यांच्या पंगतीकडे निघून गेल्या. बाई परराष्ट्र खात्यात फार मोठ्या अधिकारी आहेत, हे मला आचाऱ्यांनी नंतर सांगितले.

त्याच दिवशी ऐकलेले एक बोलणे आठवते. मॅडमची राजदूत म्हणून नेमणूक नुकतीच झाली होती. त्यांच्या एका वृद्ध मावशींनी सगळ्यांसमोर विचारले की राजदूत म्हणजे नेमके काम काय असते. मॅडमनी समजावून सांगितले की सोयरीक जुळवायला घरच्यांच्या वतीने एक जाणते माणूस जाते, तसे ते आहे. त्या माणसाने घाईने होकार द्यायचा नाही, रागाने उठून यायचे नाही आणि आपल्या घराबद्दल खोटे सांगायचे नाही. मावशी म्हणाल्या, "मंग खोटं न सांगता सोयरीक जुळली का कोनाची आजवर?" सगळे हसले. मॅडमही हसल्या. पण त्या प्रश्नाचे उत्तर त्यांनी पुढे काही महिन्यांनी दिले आणि ते मी डोळ्यांनी पाहिले. तोच प्रसंग सांगण्यासाठी या गौरवग्रंथात हा लेख आहे.

दोन महिन्यांनी त्यांचा फोन आला. परदेशातील निवासस्थानी स्वयंपाक आणि घरची व्यवस्था पाहण्यासाठी सरकारी नियमाप्रमाणे एक माणूस नेता येतो, येशील का, असे त्यांनी विचारले. माझे वडील दोन दिवस तयार नव्हते. आमच्या घरातून कोणी नागपूरच्या पलीकडे गेले नव्हते. शेवटी मॅडमनी वडिलांशी स्वतः बोलून सांगितले की मुलगा जसा नेते तसाच आणून देईन. वडील म्हणाले, "जसाच्या तसा नोको, थोडा सुधरून आना."

ज्या देशात आम्ही गेलो त्याचे नाव मी लिहीत नाही. मॅडमनीच तशी सूचना केली आहे. जे मतभेद मिटले त्यांत मित्राचे नाव छापू नये, असे त्यांचे म्हणणे आहे. तो देश समुद्रकाठचा आहे, तिथले लोक आपल्यासारखे दोन्ही वेळा भात खातात आणि त्यातला बराच तांदूळ भारतातून जातो, एवढे पुरे.

मॅडमची काम करण्याची एक पद्धत होती. कोणत्याही बैठकीआधी त्या एका साध्या वहीत दोन पाने मराठीतून लिहीत. डाव्या पानावर समोरच्यांना काय हवे आहे ते आणि उजव्या पानावर आपण काय सोडू शकत नाही ते. डावे पान भरल्याशिवाय त्या उजव्याला हात लावत नसत. समोरच्याची गरज आपल्याला माहीत नसेल तर आपण फक्त आपल्याच घरात मोठ्याने बोलत बसतो, असे त्या म्हणत. डावे पान नेहमी लांब असे. उजव्या पानावर कधी कधी एकच ओळ असे, पण ती ओळ पुसलेली मी कधी पाहिली नाही.

आम्हाला जाऊन जेमतेम तीन महिने झाले होते. मॅडमनी तिथल्या राष्ट्राध्यक्षांना आपले अधिकारपत्र सादर करूनही थोडेच आठवडे झाले होते. तेवढ्यात भारतातून तांदूळ घेऊन आलेले एक जहाज बंदरात अडवले गेले. मालात खडे आणि तूस आहे, कनकी म्हणजे तुकडा तांदूळ कराराहून जास्त आहे, असे बंदराच्या तपासनिसांचे म्हणणे होते. तिथल्या वर्तमानपत्रांत भारत आपला उरलासुरला माल आपल्याकडे पाठवतो, असे छापून येऊ लागले. जहाज परत गेले असते तर पुढची जहाजेही थांबली असती. त्या बाजारावर आपल्याकडच्या कितीतरी गिरण्या चालतात आणि त्यांत आपल्या जिल्ह्यातल्याही आहेत. दुसरे देश तांदूळ विकायला टपलेले होतेच. नव्या राजदूतांची ही पहिली परीक्षा होती आणि त्यात त्या नापास झाल्या असत्या तर नुकसान त्यांच्या एकट्यांचे नव्हते.

दोन्ही बाजूंच्या समोर जहाजाच्या एका खणातून नमुना काढून त्याच्या दोन पिशव्या करण्यात आल्या. एक सीलबंद पिशवी बंदराकडे राहिली, दुसरी आपल्या दूतावासाकडे आली. व्यापाराचे काम पाहणारे आपले अधिकारी सक्सेना साहेब ती पिशवी संध्याकाळी निवासस्थानी घेऊन आले. तांदूळ स्वतः उजेडात पाहायचा असे मॅडमचे म्हणणे होते. त्यांनी सील तोडले, तांदूळ जेवणघरातल्या टेबलावर एका मोठ्या परातीत ओतला आणि कापडाने झाकला. पिशवी आणि तिच्यावरचे कागद साहेब नोंदीसाठी कार्यालयात घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता तिथल्या व्यापार मंत्रालयाचे सचिव आणि बंदराच्या मुख्य तपासनीस बाई चहाला येणार होत्या. बोलणे अनौपचारिक व्हावे म्हणून मॅडमनी त्यांना घरीच बोलावले होते.

कार्यालयाचे काम घरच्या नोकरांशी बोलायचे नाही, असा नियम होता आणि तो योग्यच होता. जहाज अडले आहे हे मला ड्रायव्हरकडून कळले होते, पण परातीतला तांदूळ त्याच जहाजाचा आहे हे माहीत नव्हते. सकाळी मी टेबल मांडायला गेलो, कापड उचलले आणि मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. तांदळात तूस, बारीक खडे, कनकी. नऊ वाजता पाहुणे येणार आणि भारताच्या राजदूतांच्या टेबलावर असला तांदूळ. आपल्याकडे पाहुणे येणार म्हटले की घरातली बाईमाणसे आधी तांदूळ निवडायला बसतात. मी दुसरा कसलाही विचार केला नाही. गावाहून आणलेले सूप काढले, चाळणी काढली आणि मागच्या ओट्यावर बसून तो तांदूळ पाखडून, चाळून, एकेक दाणा पाहून साफ केला. कामात मी हळू आहे, पण कच्चे काम करत नाही. आठ वाजता परात परत टेबलावर ठेवली तेव्हा तांदूळ मोगऱ्याच्या कळ्यांसारखा दिसत होता आणि मला स्वतःचा अभिमान वाटत होता.

साडेआठला सक्सेना साहेब आले. त्यांनी कापड उचलले आणि तसेच धरून उभे राहिले. मग त्यांनी मॅडमना हाक मारली. मॅडम आल्या, त्यांनी परातीत पाहिले, मग माझ्याकडे पाहिले. त्यांना विचारावे लागले नाही. मी एका श्वासात सगळे सांगितले, आणि सांगता सांगताच साहेबांच्या चेहऱ्यावरून मला कळले की मी काय केले आहे.

"काहून केलंस गा?" मॅडमनी विचारले. आवाज चढलेला नव्हता.

"पाहुने येनार व्हते. असा तांदूळ त्यायले दिसला असता तर आपली इज्जत..."

मॅडमनी विचारले, "काढलेलं कुठं आहे?"

"ठेवलं आहे."

"सगळं?"

"सगळं, मॅडम. कनकी येगळी, खडे येगळे, तूस येगळं."

हे माझे शहाणपण नव्हते. आमच्या घरी कनकी टाकत नाहीत. ती कोंबड्यांना होते, आजारी माणसाला तिची पेज होते. तूस चुलीला होते. खडे अंगणात फेकले तर अनवाणी पायाला लागतात म्हणून तेही एका जागी जमा करतात. मी तीन वाट्या आणून टेबलावर ठेवल्या.

सक्सेना साहेब वाईट माणूस नव्हते. ते देशाचे हितच पाहत होते. त्यांनी दरवाजा लावला आणि हळू आवाजात मॅडमना म्हणाले, "मॅडम, किसी को पता नहीं चलेगा." त्यांचा हिशेब सरळ होता. एकाच जहाजातल्या एकाच नमुन्याच्या दोन पिशव्या आहेत. त्यांच्या पिशवीत कचरा, आपल्या परातीत स्वच्छ तांदूळ. म्हणजे कचरा बंदरात मिसळला गेला, असे म्हणता येईल. तासाभरात जहाज सुटेल आणि वर्तमानपत्रांची तोंडे बंद होतील. वाट्या तेवढ्या आत न्याव्या लागतील.

मी मनातून म्हणत होतो की मॅडमनी हो म्हणावे. हे लिहायला लाज वाटते, पण तेव्हा मला माझी नोकरी दिसत होती आणि वडिलांचा चेहरा दिसत होता.

मॅडमनी वही उघडली आणि साहेबांना त्या दिवसाची पाने हिंदीत वाचून दाखवली. डाव्या पानावर होते की त्यांच्या लोकांना चांगला तांदूळ मिळाला पाहिजे, आपण फसवले गेलो असे त्यांच्या सरकारला वाटता कामा नये, बंदराच्या तपासनिसांचा त्यांच्याच देशात अपमान होता कामा नये. उजव्या पानावर एकच ओळ होती: भारताने दिलेला शब्द. त्यांनी वही मिटली आणि सांगितले की आज ही ओळ आपणच पुसली तर पुढच्या जहाजाच्या वेळी मी कोणत्या तोंडाने बोलू. मग मला म्हणाल्या, वाट्या इथेच राहू दे आणि चहा ठेव.

पाहुणे आले. चहा व्हायच्या आधीच मॅडमनी इंग्रजीत सगळे सांगून टाकले. मला त्यातले अर्धे समजले, उरलेले त्यांनी नंतर सांगितले, ते असे. आमच्याकडचा नमुना आता नमुना राहिलेला नाही. माझ्या घरातल्या माणसाने तो साफ केला आहे. त्याने तुमचा मान राखायला हे केले, पण झाले ते झाले. जे काढले ते तीन वाट्यांत आहे, हवे तर तोलून पाहा.

सचिव साहेबांनी कप खाली ठेवला. ते म्हणाले की मग बोलण्यासारखे काही उरले नाही. तुमची पिशवी बाद झाली, आमची शिल्लक आहे, जहाज परत जाईल. मी किटली घेऊन दाराशी उभा होतो. खरे बोलल्याने सगळे संपले, असे मला वाटले. सक्सेना साहेब जमिनीकडे पाहत होते.

मॅडम उठल्या नाहीत आणि त्यांनी विनंतीही केली नाही. त्या म्हणाल्या, "तुमची पिशवी एका खणातली आहे. जहाजाला पाच खण आहेत. पाचही उघडा, दोन्ही बाजूंच्या समोर. सगळीकडे असाच माल निघाला तर जहाज परत न्यायच्या कागदावर मी स्वतः सही करीन."

तपासनीस बाई साठीच्या आसपासच्या होत्या, अंगाने भारी, बोलायला कमी. त्यांनी कनकीची वाटी ओढून घेतली, चिमटीत थोडी धरली आणि माझ्याकडे पाहून विचारले की ही का टाकली नाहीस. मॅडमनी माझे उत्तर त्यांना सांगितले, कोंबड्या आणि आजाऱ्याची पेज. त्या बाई पहिल्यांदा हसल्या. त्यांच्या गावातही असेच करतात म्हणाल्या. मग सचिवांकडे वळून त्यांनी सांगितले की चोरी करणारा माणूस तूस जपून ठेवत नाही. मी पाचही खण उघडणार, असेही त्या म्हणाल्या.

पुढचे दोन दिवस मॅडम बंदरावर होत्या. मी डबा आणि छत्री घेऊन सोबत गेलो होतो. त्यांच्या गुडघ्यांचे दुखणे तेव्हाच सुरू झाले होते, पण त्यांनी खुर्ची घेतली नाही, कारण तपासनीस बाई उभ्या होत्या. पोत्यात पोकळ सळई खुपसून तांदूळ काढायचा, दोन्ही बाजूंनी पाहायचे, लिहायचे, सह्या करायच्या. चार खणांतला माल करारात लिहिल्यासारखा निघाला. पाचव्या खणात, जिथला पहिला नमुना होता तिथे, पोत्यामागून पोते वाईट निघू लागले. सचिवांच्या माणसांनी म्हटले की एक खण बाद म्हणजे जहाजाचा भरवसा गेला.

तेव्हा मॅडमनी एका वाईट पोत्याच्या तोंडाशी शिवलेली चिठ्ठी उसवली. ती देवनागरीत होती, म्हणून तिथल्या कोणाला वाचता आली नव्हती. त्यांनी दुसरे वाईट पोते पाहिले, तिसरे पाहिले. सगळीकडे एकाच गिरणीची चिठ्ठी होती. चांगल्या पोत्यांवर ती नव्हती. आणि ती गिरणी आपल्या भंडारा जिल्ह्यातली होती.

मी त्यांच्या मागेच उभा होतो. मलाही ते नाव वाचता आले आणि मी ते नाव लहानपणापासून ऐकलेले होते. मॅडमनी चिठ्ठी हातात धरून समुद्राकडे थोडा वेळ पाहिले. ते वाचून दाखवायला त्यांना कोणी सांगितले नव्हते. त्यांनी तपासनीस बाईंना बोलावले, चिठ्ठीचे अक्षर न् अक्षर इंग्रजीत सांगितले आणि म्हणाल्या की ही गिरणी माझ्या जिल्ह्यातली आहे, मी या तांदळाच्या गावचीच आहे. दोष एका गिरणीचा आहे, माझ्या देशाच्या तांदळाचा नाही. ही चिठ्ठी असलेली सगळी पोती वेगळी काढा, ती आम्ही परत नेऊ. बाकीचे जहाज उतरवा.

तसेच झाले. वाईट पोती बाजूला काढली गेली, बाकी तांदूळ उतरला आणि पुढची जहाजे थांबली नाहीत. तपासनीस बाईंनी तिथल्या वर्तमानपत्रांना सांगितले की भारताच्या राजदूतांनी स्वतः दोष दाखवला, म्हणून उरलेला माल आम्ही विश्वासाने घेतला. वर्तमानपत्रांनी तसे छापले.

दिल्लीहून मात्र खुलासा मागवला गेला. सील तोडलेला नमुना कोणी हाताळला आणि आपल्याच बाजूचा दोष जाहीर का केला, असे त्यात विचारले होते. हे मला मॅडमनी सांगितले नाही, सक्सेना साहेबांनी कितीतरी महिन्यांनी सांगितले. उत्तरात मॅडमनी लिहिले होते की नमुना माझ्या घरात, माझ्या देखरेखीखाली होता आणि त्याची पूर्ण जबाबदारी माझी आहे. माझे नाव त्यात कुठेही नव्हते. नाव लिहिले असते तर पुढच्या विमानाने माझी रवानगी झाली असती आणि कोणी त्यांना दोष दिला नसता. मी त्यांच्याकडे जाऊन रडलो तेव्हा त्या म्हणाल्या, "आता रडून काय होते? दहावीवरच थांबणार आहेस का ते सांग." त्यानंतर सुट्टीत गावी आलो तेव्हा त्यांनी माझ्याकडून बारावीचा १७ नंबरचा, म्हणजे कॉलेजात न जाता परीक्षा देण्याचा, फॉर्म भरून घेतला. पहिल्या वेळी इंग्रजीत नापास झालो. त्यांनी दुसऱ्यांदा भरायला लावला, तेव्हा पास झालो.

माझ्या वडिलांना लाखनीला हायवेवर ट्रकचा धक्का लागला तेव्हा त्यांनी मला त्याच दिवशी घरी पाठवले आणि आठ दिवस स्वतःचे जेवण स्वतः केले. वडिलांच्या जिवावरचे टळल्यावर मी परत आलो तेव्हा स्वयंपाकघर होते तसेच होते. फक्त डाळीच्या डब्यावर माझ्या चिठ्ठीखाली त्यांच्या अक्षरात दुसरी चिठ्ठी होती: संपली, आणणे.

आता गावातला प्रसंग. जहाजाच्या प्रकरणानंतरच्या पहिल्या सुट्टीत मॅडम अड्याळला आल्या होत्या. ज्यांच्या गिरणीची पोती परत आली होती, ते मालक गाडी घेऊन थेट अंगणात आले. त्यांचे नाव परदेशी माल पाठवणाऱ्यांच्या यादीतून निघाले होते. ते बसायला तयार नव्हते.

"बाई, राजदूत झाल्या तवा तुमाले आमी हार घातले," ते म्हणाले, "अन् तुमी आपल्याच मानसाले बुडवून आल्या."

मॅडम म्हणाल्या की ते हार त्याच दिवशी वाळले भाऊ, आधी पाणी घ्या. मालकांनी पाणी घेतले नाही. राग आला की माणसाला जे बोलू नये ते सुचते. ते म्हणाले, "तुमची माय आमच्या बांधीत रोवना करे. थे तरी आठवाचं व्हतं."

अंगणात बसलेल्या सगळ्यांनी माना खाली घातल्या. मॅडमच्या आईंनी आयुष्यभर लोकांच्या बांधीत, म्हणजे भातशेतात, भाताची रोवणी केली, हे सर्वांना माहीत होते. मॅडमनी त्यांच्याकडे सरळ पाहिले.

"करत होती. तिने लावलेली एक ओळ तरी तुमच्या वडिलांना पुन्हा लावावी लागली का? आठवून सांगा. मी तिची मुलगी आहे, म्हणून तुमची पोती परत आली."

मालक खाली बसले. मग पाणीही घेतले. हळूहळू त्यांच्या तोंडून निघाले की हंगामाच्या घाईत गिरणीची चाळणी फाटली होती, माणसे सुट्टीवर होती, जहाजाची वेळ चुकू नये म्हणून तशीच पोती भरली. मॅडमनी विचारले की घरी जेवायला तोच तांदूळ नेला असता का. त्यांनी नाही म्हटले. मॅडमनी सांगितले की मग हे सगळे लिहून द्या, चाळणी फाटली होती, आता बदलली आहे, पाहायला या. तो कागद मी स्वतः दिल्लीला नेते.

त्यांनी तो नेला. नव्या चाळणीची तपासणी झाली, त्यासाठी मॅडमनी दिल्लीला दोनदा पत्र लिहिले आणि पुढच्या पिकापासून त्या गिरणीचे नाव यादीत परत आले. आपल्या माणसाचा दोष दाखवणे आणि दोष दूर झाल्यावर त्याच्यासाठी भांडणे, ही दोन्ही कामे त्या एकाच जिद्दीने करतात, हे मला तेव्हा समजले.

हा प्रसंग छापावा की नाही याची मला फार काळजी होती. मी तीन वेळा लिहून तीन वेळा काढून टाकला. ते मालक या गौरवग्रंथाच्या समितीत आहेत. शेवटी मी कागद घेऊन त्यांच्या गिरणीत गेलो आणि त्यांना वाचून दाखवला. ते रोवणीचे वाक्य आल्यावर मी थांबलो. ते म्हणाले, "वाच नं गा." सगळे ऐकून झाल्यावर म्हणाले, "माझं नाव सोड, बाकी काही सोडू नोको. थे वाक्य तर सोडूच नोको. मी बोललो हावो."

मॅडम आता सेवेतून निवृत्त होऊन अड्याळला राहायला आल्या आहेत. एका मोठ्या निर्यात कंपनीने त्यांना पद देऊ केले होते, ते त्यांनी घेतले नाही. दर शनिवारी त्या लाखनीला येतात आणि गिरणीवाल्यांबरोबर बसतात; मीही तिथे असतो. परदेशी तपासनीस काय पाहतात, करारातली कोणती ओळ कुठे अडवते, हे सांगतात. पोत्यात हात घालून, मूठ उघडून, हे कुठून आले असे विचारतात. उत्तर न देता आल्याने पहिल्या महिन्यात दोघे जण यायचे बंद झाले. तिसऱ्या महिन्यात ते परत आले.

मॅडम साठ वर्षांच्या झाल्या. त्यांच्या गुडघ्यांना आराम पडो, त्यांची नजर आहे तशीच तीक्ष्ण राहो, रात्रीची झोप शांत लागो आणि त्यांना उदंड, निरोगी आयुष्य मिळो, अशी आम्हा सर्वांची मनापासून इच्छा आहे. ही इच्छा आम्ही थोड्या स्वार्थानेही करतो. त्या समोर बसून विचारतात तोवर आम्ही नीट काम करतो. त्यांचे हे विचारणे आम्हाला अजून खूप वर्षे हवे आहे आणि दर शनिवारी आम्ही उत्तर घेऊन हजर राहू.